अर्धी घंटी

मला एका पोरीनं सायकलनं पाडलं, असं सध्या आमच्या वैशाली नगरात सगळे म्हणतात. पडले हे खरं आहे. बगीच्याच्या बाजूच्या फुटपाथवर, ऊन उतरल्यावर, ओळखीची माणसं पाहत असताना मी आडवी झाले, माझ्या अंगावर ती चौथीतली पोर पडली आणि आम्हा दोघींवर तिची जांभळी सायकल. लोक धावले. कोणी सायकल उचलली, कोणी माझी चप्पल शोधून आणली, आणि रामाजींनी, म्हणजे ज्यांचा हात पावसाळ्यात अशाच एका सायकलनं मोडला होता त्यांनी, तिथल्या तिथं साऱ्या मुलांच्या आईबापांचा उद्धार सुरू केला. मला यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. त्या पोरीनं माझ्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तिचं नाक माझ्या मानेत होतं, केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि ती भीतीनं अशी काही थरथरत होती की मीच तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. पडताना माणूस हाताला येईल ते धरतं, त्यात माया वगैरे काही नसते, एवढं मला कळतं. सहासष्ट वर्षं उगाच नाही काढली. पण अंगाला कुठे कळतं. कोणीतरी तिला माझ्यावरून उचलायला लागलं तेव्हा माझ्या मनात आलं, थांबा जरा, राहू द्या. गुडघा सोललेला, मनगट मुरगळलेलं, पदर मातीत, आणि ही बाई म्हणते राहू द्या. मी हे कोणाला सांगितलं नाही.

घरी येऊन हात-पाय धुतले, चहा मांडला आणि चहा उतू जाईपर्यंत नुसती उभी राहिले. एकट्या माणसाला कोणी हात लावत नाही, ही गोष्ट आधी लक्षातच येत नाही. पहिल्या वर्षी माणसं येतात, खांद्यावर हात ठेवतात, बायका गळ्यात पडून रडतात, त्याचा कंटाळा येतो. मग ते थांबतं. मग भाजीवालीकडून पिशवी घेताना बोटाला बोट लागतं तेवढंच. सुमेध, माझा मुलगा, पुण्याला असतो. गेल्या वेळी निघताना त्यानं रायपूरच्या विमानतळावर एका हातानं मला जवळ घेतलं होतं, दुसऱ्या हातात त्याची बॅग होती. त्याचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. अरुणकुमार त्यांचं नाव. जन्मभर मी ते तोंडानं घेतलं नाही, पण इथं सांगायला हवं म्हणून घेते. यापुढे 'हे' म्हटलं की तेच. हे इथल्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, रूळ बनतात तिथं. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही इथं वैशाली नगरात घर बांधलं, आणि घराला दुसऱ्यांदा रंग द्यायच्या आत हे गेले. तेव्हापासून मी संध्याकाळी त्या फुटपाथवर चालते. डॉक्टरनं सांगितलं म्हणून चालते असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्या वेळेला घरात बसवत नाही.

आता फुटपाथचं भांडण काय आहे ते सांगते, कारण माझ्या पडण्यानं त्याला पुन्हा तोंड फुटलं. बगीच्यापुढच्या रस्त्यावरून जामुलकडे जाणारे सिमेंटचे ट्रक दिवसभर धडधडत असतात. त्या रस्त्यावर आपलं पोर सायकल घेऊन कोण सोडेल? म्हणून मुलं फुटपाथवर चालवतात. पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून तर त्यांची चंगळ झाली. आणि त्याच वेळी आम्ही म्हातारी मंडळी गुडघे सांभाळत तिथं निघतो. आम्ही म्हणतो, फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा. पोरं म्हणतात, बाजूला व्हा ना मग. पोरं तोंडानं म्हणत नाहीत, घंटी वाजवून म्हणतात. रामाजींचा हात मोडला तेव्हापासून फुटपाथच्या दोन्ही तोंडांना आडवे लोखंडी पाइप ठोकायचे, म्हणजे माणूस जाईल आणि सायकल अडेल, अशी मागणी चालली होती. लांजेवार साहेब, ज्यांचा शब्द आमच्या गल्लीत चालतो, ते तेवढे अडून बसले होते. एकाच घटनेवर पाइप ठोकता येत नाहीत, म्हणाले. आता माझी दुसरी घटना झाली. प्रफुल्ल लांजेवार प्लांटच्या सेफ्टी खात्यातून रिटायर झालेले. त्यांना उकळतं दूध उतू गेलं तरी त्याचं मूळ कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही, असं त्यांची बायकोच सांगते. त्यांनी रविवारी सकाळी बगीच्यात बैठक ठेवली आणि मला घरी येऊन बजावून गेले की तोपर्यंत कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. आधी लागलेल्या माणसानं बोलायचं.

ही रीत मला नवी नाही. आम्हा प्लांटच्या घरांमध्ये ती भिंतीतल्या खुंटीसारखी असते. आत अपघात झाला की चौकशी बसते, आणि ज्याला लागलं त्याला आधी तीनच प्रश्न. काय करत होतास, काय ऐकलंस, मग काय केलंस. हे ती रीत घरी घेऊन आले होते. सुमेधनं लहानपणी बरणी फोडली की हे त्याला स्टुलावर बसवून अगदी गंभीरपणे तेच तीन प्रश्न विचारायचे, आणि तो पोरगा इतका खरं खरं सांगायचा की मारायचं राहूनच जायचं. त्या प्रश्नांतून निसटायला जागा नसते. म्हणून मला रविवारची भीती वाटत होती.

कारण सुमेधनं मला पेचात टाकलं होतं. त्याला व्हॉट्सॲपवरून सगळं कळलं. गल्लीतल्या घरमालकांच्या ग्रुपमध्ये तोही आहे. पडले त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला आणि त्यानं स्पष्ट सांगितलं. पोरीची चूक असेल तर ठीक आहे, पाइप लावून घ्या, प्रश्न मिटला. पण तुला चक्कर आली असेल, कुठं आहेस त्याचं भान सुटलं असेल, तर आता मी ऐकणार नाही. घराला कुलूप, आणि तू पुण्याला. अभिनवच्या खोलीत दुसरा पलंग टाकू. अभिनव माझा नातू, त्याला मराठी कळते पण तो उत्तर इंग्रजीत देतो. सुमेध वाईट नाही. काळजीनंच बोलतो. चार वर्षं तो 'तू ये' म्हणतो आणि चार वर्षं मी 'पाहू' म्हणते. पुण्याच्या त्या नवव्या मजल्यावर मी एकदा राहून आले आहे. तिथं खालून जाणाऱ्या कोणाचं तोंड दिसत नाही, आणि संध्याकाळी कोणीही ओळखीचं वळणावरून येण्याची सोय नाही. इथं ती सोय आहे. कोणी येत नाही, ते वेगळं. मी फोनवर म्हटलं, चक्कर नाही आली रे. मग काय झालं, त्यानं विचारलं. मागून सायकल आली, मी म्हटलं. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात.

झालं ते असं. आम्ही मरोदा सेक्टरला क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा सासूबाई आमच्याजवळ होत्या. साकोलीकडच्या, जुन्या वळणाच्या. नवऱ्याच्या मागं सायकलच्या कॅरियरवर बसून सून भर दिवसा क्वार्टरांच्या रांगेतून जाते, हे त्यांना पाहवलं नसतं. शेजारीही सगळी आमच्याच बाजूची माणसं, गावी बातमी पोचायला वेळ लागत नसे. म्हणून यांनी युक्ती काढली होती. फर्स्ट शिफ्ट करून आले, जेवून थोडं पडले, की संध्याकाळी मी पिशवी घेऊन भाजीला जाते म्हणून एकटीच निघायची. पाण्याच्या टाकीचं वळण ओलांडलं की सावकाश चालायचं. मागून हे यायचे, सुमेधला पुढच्या दांड्यावर बसवून, पोराला फिरवून आणतो म्हणून. मागं वळून पाहायचं नाही, कोणी पाहत असेल तर उगाच शोभा. जवळ आले की घंटी वाजणार, दोनदा. घंटी वाजली की बाजूला सरकायचं नाही, कारण आमच्या सायकलचे ब्रेक म्हणजे नावालाच होते आणि मी सरकले तर त्यांचा अंदाज चुकायचा. जागेवर उभं राहायचं. उजव्या हाताला सायकल आली की अर्धं पाऊल टाकून, टाचा उचलून, टुणकन बसायचं. इतका सराव झाला होता की सायकल पुरती थांबतही नसे. मग सिव्हिक सेंटरच्या बाजारापर्यंत मोठ्या झाडांखालून, शेंगदाण्याची पुडी, यांचा घामानं ओला शर्ट माझ्या गालाजवळ, आणि पुढं सुमेधची न थांबणारी बडबड. येताना भाजी. उतरायचं पुन्हा टाकीपाशीच. घरी मी आधी पोचायची आणि हे दहा मिनिटं उगाच चक्कर मारून यायचे. सासूबाईंना ते कधी कळलं नाही, की कळूनही त्या गप्प राहिल्या, देव जाणे. माझ्या साऱ्या संसारात मी सुखी कधी होते असं कोणी विचारलं तर मला लग्न आठवत नाही, घर बांधलं ते आठवत नाही. टाकीच्या वळणापुढचा तो शंभर पावलांचा रस्ता आठवतो, जिथं मी पुढं पाहत चालते आहे आणि मागून कोणी येतं आहे.

त्या घंटीचा आवाज मी हजार घंट्यांत ओळखला असता. पहिली अर्धी वाजायची, अडकल्यासारखी, नुसती टिक् करून; दुसरी मोकळी आणि लांब. मिलमध्ये एकदा यांच्या उजव्या अंगठ्यावर लोखंड पडलं होतं आणि तो अंगठा नीट वाकत नसे. त्यामुळं पहिली घंटी चुकते, हे मी केव्हाच ताडलं होतं. पुढं स्कूटर आली, मग गाडी आली, सायकल कोणाला तरी देऊन टाकली, पण त्या अर्ध्या घंटीची मला दया यायची ती येतच राहिली. यांनी कधी दुखतं म्हणून म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. शेवटच्या आजारात मी तो अंगठा हातात धरून बसत होते.

यांच्यामागं गेल्या चार वर्षांत माझ्या मागून किती घंट्या वाजल्या असतील. पेपरवाल्याच्या, शाळेच्या पोरांच्या. प्रत्येक वेळी मी चार माणसांसारखी बाजूला झाले आहे. पण त्या दिवशी मागून टिक् झालं आणि मग मोकळी, लांब घंटी आली, आणि मी थांबले. मागं पाहिलं नाही. पदर कमरेशी आवळला, उजवीकडे अर्धं पाऊल टाकलं, टाचा उचलल्या, आणि बसले. कॅरियर नव्हतं. त्या पोरीच्या सायकलचं पुढचं चाक होतं. ती बिचारी मला ओलांडून उजवीकडून जायला निघाली होती, आणि तिच्यापुढं ही एवढी मोठी बाई एकाएकी बसायला आली. तिनं काय करायचं? एवढं सारं व्हायला पापणी लवायचा वेळ लागला असेल, पण त्या वेळात मी सुखी होते. वेडी झाले नव्हते. मी रमा आहे, म्हातारी आहे, हे वैशाली नगर आहे, हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही हे आले होते. यातलं एक खरं आणि एक खोटं असं मला तेव्हा वाटलं नाही. मला ते हवे आहेत. त्यात समजण्यासारखं अवघड काही नाही, पण हे सुमेधला सांगितलं असतं तर त्यानं पुढच्याच विमानाचं तिकीट काढलं असतं.

शुक्रवारी त्या पोरीची आई, शिल्पा, तिला घेऊन माफी मागायला आली. मागच्याच गल्लीत राहतात. शिल्पा शाळेत शिकवते, नवरा प्लांटमध्ये शिफ्टला. पोरीच्या हनुवटीवर पट्टी होती. शिल्पानं माझं मनगट पाहिलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि सांगून टाकलं की सायकल गच्चीवर बांधून ठेवली आहे, येत्या आठवड्यात जामुलच्या भाच्याला देऊन टाकणार. पोरगी खाली पाहत होती. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आजी, मी घंटी वाजवली होती. दोन बार. सच्ची." शिल्पानं तिला गप्प केलं. पोरीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, साक्षीदाराकडे पाहतात तसं. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण त्या एका 'हो'च्या मागं दुसरा प्रश्न उभा होता, मग तुम्ही बाजूला का नाही झाल्या, आणि त्याच्या मागं पुण्याचा नववा मजला. मी उठून आत गेले आणि डब्यातून चकल्या काढून आणल्या. पोरीनं एक घेतली आणि खाल्ली नाही, हातातच धरून ठेवली. त्या दोघी गेल्यावर मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त एक विचित्र गोष्ट वाटली. दारातून जाताना ती पोर माझ्या अगदी जवळून गेली आणि मला वाटलं, हिनं पुन्हा एकदा मला धरावं.

रविवारी बगीच्यातल्या बाकांवर वीस-पंचवीस माणसं जमली. एका बाजूला गुडघेवाले, दुसऱ्या बाजूला आईबाप, आणि मुलं घसरगुंडीवर बसून आपल्याला काय शिक्षा होते ते पाहत होती. बोलणं सगळं हिंदीत, कारण आमच्या गल्लीत ओडिशापासून केरळापर्यंत सगळे आहेत. लांजेवार साहेबांनी आपला फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि त्यात सुमेध दिसत होता. लागलेल्या माणसाच्या घरचं कोणी हजर पाहिजे, म्हणाले. मी काही बोलायच्या आत रामाजींनी आपला वाकडा बसलेला हात वर करून दाखवला, आणि तो पाहून आईबापांचाही जोर ओसरला, कारण रामाजींचंही खोटं नव्हतं. पन्नास वर्षं हातानं काम केलेल्या माणसाला आता पाण्याचा तांब्या उचलवत नाही. पाइप ठोकायचं जवळजवळ ठरलंच होतं. एक बाप म्हणाला, मग आमची मुलं ट्रकपुढं जातील. शेवटी लांजेवार माझ्याकडे वळले आणि अगदी ड्यूटीवर असल्यासारखे ताठ होऊन मराठीत म्हणाले, तुम्ही सांगा, काय करून राहिल्या होत्या? चालून राहिली होती, मी म्हटलं. काय आयकलं?

मी त्या पोरीकडे पाहिलं. ती घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर होती आणि तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मला स्टुलावर बसलेला सुमेध आठवला, फुटलेल्या बरणीजवळचा, खरं सांगून टाकणारा. फोनमधल्या सुमेधकडे मी पाहिलं नाही.

"घंटी आयकली," मी म्हटलं. "दोनदा. पोरगी खरं बोलते."

"मंग काय केलं?"

"मी थांबली, साहेब. बाजूले नाही झाली. मले वाटलं, हे आले. सुमेधचे बाबा. मी मागं कॅरियरवर बसाले गेली."

"बसाले?"

"हो. बसाले. पोरीची काही चूक नाही."

मागून कोणी बाई फसकन हसली आणि लगेच थांबली. मराठी न कळणारे एकमेकांना विचारू लागले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. हिंदीत सांगायचं तर लांजेवारांना ते सांगता येईना. 'बहनजी रुक गईं' एवढं म्हणाले, मग 'उनको लगा भाईसाहब आए हैं' म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. माणूस इतका कोरडा नव्हता म्हणायचा. मग त्यांनी निकाल दिला की या घटनेचं कारण सायकल नव्हे, तेव्हा हिच्यावरून पाइप ठोकता येणार नाहीत. रामाजींच्या घटनेवर वेगळं बसू, तोवर पोरांनी संध्याकाळी सायकल हळू चालवायची. रामाजी पुटपुटत उठून गेले. शिल्पा माझ्याकडे पाहत होती पण जवळ यायला धजत नव्हती. पोरगी घसरगुंडीवरून खाली आली आणि आईला म्हणाली, बोला था ना मैंने. मला पोरीचं बरं वाटलं. पण चार वर्षं जे माझं एकटीचं होतं ते आता वीस-पंचवीस लोकांनी घरी नेलं होतं, आणि दुपारच्या जेवणाबरोबर ते बोललं जाणार होतं.

लांजेवारांनी फोन माझ्या हातात दिला. सुमेध तुमच्याशीच बोलतो म्हणून राहिला, म्हणाले आणि भलेपणानं चार पावलं लांब गेले. मी फोन कानाला लावून बगीच्याच्या फाटकाबाहेर आले. आता तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. मी मनात बॅगसुद्धा काढली होती, पलंगाखालची निळी. कोणाला किल्ली द्यायची, तुळशीला पाणी कोण घालेल, इथपर्यंत पोचले होते.

"आई," तो म्हणाला. "ती घंटी बाबा नव्हते वाजवत."

मला काही समजलं नाही.

"मी वाजवत होतो. समोर दांड्यावर मीच राहायचो ना. टाकी आली की बाबा कानात म्हणत, वाजव आता, दोनदा. माझा अंगठाच पुरत नव्हता. पहिली बरोबर वाजतच नव्हती."

"अन् यांचा अंगठा?"

"बाबांचे दोन्ही हात ब्रेकवर राहत, आई. कुठं लागत होते ते ब्रेक."

मी फुटपाथवर उभी होते. जामुलचा एक ट्रक धडधडत गेला. मी कधी मागं पाहिलं नव्हतं. पाहायचंच नाही असं ठरलं होतं, म्हणून पाहिलं नव्हतं. आणि म्हणून एवढी वर्षं मी भलत्याच अंगठ्याची दया करत आले. सहा-सात वर्षांच्या पोराचा अंगठा होता तो, जोर लावून लावून दाबणारा. म्हणूनच इतक्या घंट्यांमधून त्या दिवशीचीच माझ्या पायांना कळली. तीही लहान अंगठ्याची होती. माझ्या मागून दोघं यायचे. एक गेला. त्याची वाट पाहणं सोपं होतं, कारण त्याला बोलवावं लागत नाही आणि तो नाही म्हणत नाही. दुसरा जिवंत आहे, पुण्याला आहे, त्याच्या कपाळावरचे केस मागं सरले आहेत, आणि त्याला मी चार वर्षांत एकदाही ये म्हटलेलं नाही. तो मला ये म्हणायचा, मी पाहू म्हणायची. तुला सवड कुठे असते, तुझं काम असतं, अभिनवची शाळा असते, हे मीच त्याच्या वतीनं त्याला सांगत आले. मानी बाई आहे मी. तो नाही म्हणाला तर काय करायचं, या भीतीला मी समजूतदारपणा म्हणत होते.

"तू इकडे ये, आई," तो म्हणाला. "आता एकटी नको राहू तू. मी तिकीट काढतो."

"तू ये ना," मी म्हटलं.

"मी? आई, मी मंजे..."

"कामाचं सांगू नको. न्यायले येऊ नको, नुसता ये. मी तुले कधी ये म्हटलं नाही, बाबू. आज म्हणून राहिली. मले तू पाहिजे."

त्यानं उत्तर दिलं नाही. फोनही ठेवला नाही. लांजेवार साहेब फाटकाशी येऊन आपल्या फोनसाठी उभे राहिले होते, एकदा त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि फोन कानाशी आणखी दाबून धरला.